मंत्री नसलेला खासदार मतदारसंघाचा प्रश्न संसदेत कसा नेऊ शकतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आमचे खासदार पहिल्यांदाच निवडून आले आहेत, ते मंत्री नाहीत आणि पक्षातही त्यांचे फारसे वजन नाही. कांदा निर्यातीचे धोरण वारंवार बदलल्यामुळे आमच्या तालुक्यातील शेतकरी मेटाकुटीला आले आहेत, आणि आमच्या स्थानकावरचा एका गाडीचा बंद झालेला थांबा अजून परत मिळालेला नाही. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत मागच्या बाकावरच्या खासदाराने हे विषय मांडून काही उपयोग होतो का? होत असेल तर आम्ही त्यांच्याकडे नेमके काय मागावे?

उपयोग होतो. मात्र तो बहुतेक लोकांना वाटतो त्या मार्गाने होत नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांसाठी संसदीय प्रश्नांचे मसुदे तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे, आणि त्यातून माझे ठाम मत बनले आहे की स्थानिक विषयाच्या बाबतीत सभागृहात गाजलेल्या भाषणापेक्षा मंत्रालयाकडून लेखी मिळवलेले, नेमके आणि टाळाटाळीला जागा न ठेवणारे उत्तर अधिक कामाचे असते. असे उत्तर मिळवण्यासाठी खासदाराला मंत्रिपद किंवा पहिल्या रांगेतील आसन लागत नाही. त्याला मतदारसंघातून आलेली खरी, तारीखवार माहिती लागते, आणि बहुतेक वेळा कमी पडते ती नेमकी तीच.

सर्वांत आधी हे पाहावे लागते की विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आहे की नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, दूरसंचार, आयात-निर्यात आणि सीमाशुल्क हे केंद्राचे विषय आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा आणि बाजार समित्या हे राज्याचे. लोकसभेच्या नियमांनुसार जो विषय मुख्यतः भारत सरकारच्या जबाबदारीचा नाही, त्यावरचा प्रश्न स्वीकारलाच जात नाही. त्यामुळे ‘गावात चार दिवसांआड पाणी येते’ ही तक्रार कितीही खरी असली तरी ती तशीच दिल्लीला पाठवली तर सचिवालयातूनच परत येते. मात्र त्याच गावातील नळयोजना जलजीवन मिशनमधून मंजूर झालेली असेल, तर जिल्ह्याला केंद्राचा किती निधी मिळाला, किती नळजोडण्या चालू असल्याची नोंद केंद्राकडे आहे आणि त्या नोंदीची पडताळणी कोणी केली, हे विचारता येते. विषय राज्याचा असला तरी पैसा केंद्राचा असेल तर हिशेब मागण्याचा मार्ग खुला राहतो. ज्या विषयाला हाही धागा नाही, तो आमदारांकडे न्यावा.

आता कांद्याकडे वळू, कारण चुकीच्या दारावर जाऊन वर्ष कसे वाया जाते हे या विषयात सर्वांत स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठवताना प्रतिटन ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य (ज्याखालच्या दराने माल बाहेर पाठवता येत नाही अशी किंमत) आणि ४० टक्के शुल्क ठेवले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. दीड-पावणेदोन वर्षांत इतके फेरबदल झाल्यावर लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी ‘सरकारने आमचे वाटोळे केले’ असे म्हणतो, आणि त्याचा संताप मला पूर्णपणे समजतो. परंतु संसदेत ‘सरकार’ या नावाने प्रश्न विचारता येत नाही. तो एका मंत्रालयाला विचारावा लागतो. निर्यातबंदी आणि किमान निर्यातमूल्याची अधिसूचना काढणारे विदेश व्यापार महासंचालनालय वाणिज्य मंत्रालयाखाली येते. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचे. नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत सरकारी राखीव साठ्यासाठी होणारी खरेदी ग्राहक व्यवहार विभागाची. साठवणुकीच्या चाळींसाठीचे अनुदान कृषी मंत्रालयाचे. बाजार समितीतील लिलाव कसे चालतात हा विषय राज्याचा. कृषिमंत्र्यांना निर्यातशुल्काविषयी विचारले तर प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होतो किंवा ‘हा विषय या मंत्रालयाशी संबंधित नाही’ अशा अर्थाचे उत्तर येते, आणि तोवर अधिवेशन संपलेले असते.

दार सापडल्यावर प्रश्नाची भाषा महत्त्वाची ठरते. ‘कांदा उत्पादक शेतकऱ्यांवर होणाऱ्या अन्यायाची सरकारला जाणीव आहे काय?’ असा मसुदा माझ्याकडे वारंवार येत असे. त्याला मंत्रालय चार परिच्छेदांचे उत्तर देते: सरकार शेतकरी आणि ग्राहक या दोघांच्याही हितासाठी कटिबद्ध आहे, अमुक योजना राबवल्या जातात, तमुक निधी ठेवला आहे. त्यातून हाती काहीच लागत नाही. याउलट पुढील प्रश्न पाहा. मागील तीन वर्षांत राखीव साठ्यासाठी नाशिक जिल्ह्यात कोणत्या केंद्रांवर, कोणत्या महिन्यात, किती कांदा, कोणत्या सरासरी दराने खरेदी झाला. ही खरेदी थेट शेतकऱ्यांकडून झाली की संस्थांमार्फत. खरेदीतील गैरप्रकारांबद्दल किती तक्रारी आल्या आणि त्यांवर कोणती कारवाई झाली? इथे मंत्रालयाला आकडे द्यावे लागतात, आणि दिलेला आकडा खोटा असेल तर तो सभागृहाची दिशाभूल ठरतो. म्हणून अधिकारी असे उत्तर काळजीपूर्वक तयार करतात, आणि ते तयार करत असतानाच जिल्ह्यातील खरेदी केंद्रांवर विचारणा सुरू होते. अनेकदा प्रश्नाचा खरा परिणाम उत्तर येण्याआधीच, त्या विचारणेमुळे होतो. हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही.

प्रश्नांचे दोन मुख्य प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. एका दिवसासाठी एका सदस्याचे जास्तीत जास्त पाच प्रश्न लागू शकतात आणि त्यांतला एकच तारांकित असतो. क्रम सोडतीने ठरतो. तेथे ज्येष्ठता, पक्ष, मंत्र्यांशी असलेली ओळख यांतले काहीही चालत नाही, आणि नव्या खासदाराला ज्येष्ठ नेत्याइतकीच संधी मिळणाऱ्या संसदेतील मोजक्या जागांपैकी ही एक आहे. तारांकित प्रश्न प्रतिष्ठेचा मानला जातो, पण एका तासात विसांपैकी मोजक्याच प्रश्नांपर्यंत सभागृह पोहोचते. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास बुडाला तर तेही नाही. लेखी उत्तरे मात्र त्या दिवशीही पटलावर ठेवली जातात. यामुळेच स्थानिक कामासाठी मी अतारांकित प्रश्नाला कायम अधिक पसंती दिली आहे, आणि खासदारांनी ‘तारांकित लागला नाही’ म्हणून निराश होण्याचे कारण नाही असेच त्यांना सांगत आलो आहे.

यात वेळेचे गणित सांभाळावे लागते. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि मंत्रालयांची पाच गटांत विभागणी करून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार दिलेला असतो. याचा अर्थ असा की हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर दिल्लीला निघालेले शिष्टमंडळ प्रश्नांच्या दृष्टीने उशिरा पोहोचलेले असते. कागद अधिवेशनाची तारीख जाहीर होण्यापूर्वीच खासदारांच्या कार्यालयात असायला हवा. शेजारच्या मतदारसंघांचे खासदारही एकाच विषयावर प्रश्न देणार असतील तर तेही उत्तम, कारण सारख्या प्रश्नांवर अनेक सदस्यांची नावे एकत्र जोडली जातात, आणि नाशिक, दिंडोरी, शिर्डी, अहिल्यानगर येथील खासदारांची नावे एका प्रश्नावर एकत्र दिसली की मंत्रालयही त्याची दखल वेगळ्या पद्धतीने घेते. पक्ष वेगळे असले तरी यात अडचण नसते.

शून्य प्रहराबद्दल, म्हणजे पूर्वसूचनेच्या मुदतीशिवाय तातडीचे विषय मांडण्याच्या सभागृहातील वेळेबद्दल, थोडे स्पष्ट बोलावे लागेल, कारण आज ‘संसदेत आवाज उठवला’ म्हणून जी ध्वनिचित्रफीत मतदारांच्या मोबाइलवर येते ती बहुधा शून्य प्रहरातील असते. हा प्रकार नियमपुस्तकात नाही; तो प्रथेतून रुजला आहे. तातडीच्या विषयासाठी, म्हणजे गारपीट झाली, पूल वाहून गेला, एखादा निर्णय अचानक जाहीर झाला अशा वेळी, त्याची गरज आहे, कारण इथे १५ दिवस थांबावे लागत नाही. पण मिळतात एक-दोन मिनिटे, आणि त्या वेळी तिथेच उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यांवर नसते. लोकसभेच्या कामकाजाचा नियम ३७७ हा त्याहून शांत मार्ग आहे. त्याखाली खासदार आठवड्यातून एक विषय, २५० शब्दांच्या आत, लेखी मांडू शकतो, आणि संबंधित मंत्रालयाने त्याला लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते. राज्यसभेत याच्याशी मिळतीजुळती सोय ‘विशेष उल्लेख’ या नावाने आहे. सभागृहात मराठीतही बोलता येते, त्यासाठी आधी कळवून दुभाष्याची व्यवस्था करून घ्यावी लागते. ज्या खासदाराला हिंदी-इंग्रजीत आपली व्यथा नेमकी मांडता येत नाही त्याने ही सोय संकोच न करता वापरावी.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. उत्तर आले की लोक त्यातला नकार वाचतात आणि कागद बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात उत्तरातील ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ अशी वाक्ये अत्यंत मोलाची असतात. सभागृहात दिलेले असे वाक्य शासकीय आश्वासन मानले जाऊ शकते, आणि आश्वासनाची पूर्तता साधारणपणे तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांच्या स्वतंत्र आश्वासन समित्या आहेत. मंत्रालयाला मुदतवाढ हवी असेल तर समितीकडे मागावी लागते; आश्वासन वगळून टाकायचे असेल तरी समितीसमोर कारण द्यावे लागते. अधिकाऱ्यांना ही समिती आवडत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: तिथे जुने कागद पुन्हा निघतात. एका साध्या अतारांकित प्रश्नातून असे एक वाक्य मिळाले, तर पुढच्या अधिवेशनात त्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख देऊन ‘सदर विषयावर काय निर्णय झाला?’ असे विचारता येते. अशा रीतीने एका विषयाचा माग सलग चार-पाच अधिवेशने काढणारे खासदार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मतदारसंघातील अडलेली कामे हललेली पाहिली आहेत. ही चिकाटी बातमीत दिसत नाही, म्हणून मतदारांनीच ती ओळखली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

थांब्याच्या बाबतीत रेल्वे मंत्रालयाचे ठरीव उत्तर असे असते की थांबे देणे ही निरंतर प्रक्रिया असून ती वाहतुकीची सोय आणि व्यावसायिक औचित्य पाहून राबवली जाते. या उत्तराला भिडायचे तर त्या औचित्यालाच भिडावे लागते. थांबा बंद होण्यापूर्वी त्या स्थानकावरून त्या गाडीची रोज किती तिकिटे निघत होती, आता तेथील प्रवासी कोणत्या स्थानकापर्यंत रस्त्याने जातात, परिसरात महाविद्यालय, रुग्णालय, औद्योगिक वसाहत काय आहे, ही माहिती तुम्ही माहिती अधिकारातून आणि स्वतः मोजून जमवली पाहिजे. रेल्वे काही ठिकाणी प्रायोगिक तत्त्वावर थांबा देते आणि नंतर उत्पन्न पाहून तो ठेवायचा की नाही ते ठरवते. म्हणून ‘थांबा द्या’ या मागणीपेक्षा ‘अमुक गाडीला प्रायोगिक थांबा देण्याचा प्रस्ताव विभागीय कार्यालयाकडून आला आहे का, असल्यास त्यावर निर्णय कधी अपेक्षित आहे?’ हा प्रश्न अधिक पुढे नेतो. संसदेतील प्रश्नासोबत खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना स्वतंत्र पत्रही द्यावे. खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत उत्तर द्यावे, असा केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीचा दंडक आहे. तो नेहमी पाळला जात नाही, पण स्मरणपत्रात त्याचा उल्लेख केला की फाइल हलते.

काही वाचकांना शंका असेल की खासदार सत्ताधारी पक्षाचे असतील तर ते आपल्याच सरकारला अडचणीचे प्रश्न कसे विचारतील. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली पक्षादेश मतदानाला लागू होतो, प्रश्न विचारण्याला नाही. घटनेच्या अनुच्छेद १०५ ने सभागृहातील भाषणाला संरक्षण दिले आहे. पक्षश्रेष्ठींची नाराजी हा वेगळा विषय आहे आणि ती भीती खरी असते, हे मी नाकारत नाही. तरीही १९५७ मध्ये काँग्रेसचे रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरून आयुर्विमा महामंडळाच्या उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांतील गुंतवणुकीचा विषय लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. थांब्याच्या किंवा कांद्याच्या प्रश्नात इतके काही पणाला लागत नाही. उलट, आकडे मागणारा प्रश्न सौम्य भाषेत विचारता येतो, आणि सत्ताधारी खासदारासाठी तोच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

मोठ्या कामांना किती काळ लागतो याचीही जाणीव ठेवावी. कोकण रेल्वेची मागणी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत सातत्याने मांडली. ते १९५७ पासून निवडून येत होते, कायम विरोधी बाकांवर होते, आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रेल्वे दृष्टिपथातही नव्हती. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून आलेले प्रा. मधु दंडवते यांनी विषय सोडला नाही. पुढे १९७७ ते १९७९ या काळात ते स्वतः रेल्वेमंत्री झाले. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. चार दशकांच्या या प्रवासात प्रश्न, कपात सूचना (मंत्रालयाच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवून विषय मांडण्याची रीत), रेल्वे अर्थसंकल्पावरील भाषणे, पत्रव्यवहार हे सारे पुन्हा पुन्हा करावे लागले. या उदाहरणाने कोणी हताश होऊ नये. थांबा मिळण्याला चाळीस वर्षे लागत नाहीत. पण एका भाषणात काम व्हावे ही अपेक्षाही रास्त नाही.

खासदार निधीबद्दल एकच गोष्ट सांगतो. वर्षाला पाच कोटी रुपयांच्या या निधीतून सभामंडप, वर्गखोली, रस्त्याचा तुकडा होऊ शकतो. निर्यातधोरण किंवा गाडीचा थांबा त्यातून मिळत नाही. शिष्टमंडळाच्या भेटीतील बहुतांश वेळ या निधीच्या मागणीत जातो आणि संसदेत नेण्याजोगा विषय तसाच राहतो, हे मी खेदाने पाहिले आहे.

खासदारांकडे जाताना एका पानाचे टिपण न्यावे. त्यात विषय एका वाक्यात असावा, कोणत्या मंत्रालयाचा ते लिहिलेले असावे, घटनाक्रम तारखांसह असावा, आतापर्यंत कोणाला पत्रे दिली आणि काय उत्तर आले ते असावे, आणि शेवटी विचारावयाचे तीन-चार प्रश्न स्पष्ट शब्दांत असावेत. प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे. न्यायालयात प्रलंबित असलेला विषय त्यात घालू नये, व्यक्तीवर आरोप करू नयेत. खासदारांच्या दिल्लीच्या कार्यालयात एक-दोन साहाय्यकच असतात, आणि अधिवेशनाच्या काळात त्यांच्यासमोर कागदांचा ढीग असतो. जुळवून तयार असलेला मसुदा त्या ढिगातून वर येतो. मात्र यात पैशाचा किंवा खासगी लाभाचा संबंध किंचितही येऊ देऊ नका. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले, आणि त्यानंतर व्यापारी हिताचा वास येणाऱ्या प्रश्नांकडे सचिवालय योग्यच संशयाने पाहते. कांद्याचा प्रश्न एखाद्या निर्यातदाराच्या पत्रावर जाण्यापेक्षा शेतकऱ्यांच्या संस्थेच्या ठरावासह जावा.

तुमचे खासदार दाद देत नसतील तर दोन मार्ग उरतात. पहिला राज्यसभेचा. महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ सदस्य आहेत, त्यांना राज्यातील कोणत्याही तालुक्याचा प्रश्न विचारता येतो, आणि त्यांच्याकडे असे विषय घेऊन जाणारे लोक फार कमी असतात. दुसरा याचिकेचा. सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिक संसदेला रीतसर याचिका करू शकतात. ती सभागृहात सादर होण्यासाठी कोणत्याही एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, तो सदस्य तुमच्याच मतदारसंघाचा असण्याची गरज नाही. माजी सैनिकांच्या ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीचा विषय राज्यसभेच्या याचिका समितीकडे असाच गेला होता. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने डिसेंबर २०११ मध्ये मागणीच्या बाजूने अहवाल दिला, आणि २०१५ मध्ये सरकारने योजना लागू केली. याचिका समिती संबंधित मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बोलावून विचारणा करू शकते. कांदा निर्यातीच्या धोरणात बदल करण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना द्यावी, ही मागणी अशा याचिकेसाठी योग्य आहे, कारण ती एका तालुक्याची नाही. मध्य प्रदेश, कर्नाटक आणि गुजरातमधील कांदा उत्पादकही तिच्यावर सह्या करतील. थांब्याचा विषय मात्र याचिकेकडे नेऊ नका; त्यासाठी वर सांगितलेला लेखी प्रश्न आणि तिकिटांचे आकडे पुरेसे आहेत.